नवीन लाईव्ह स्ट्रीमर आहे, टाइमटेबल कसं बसवू? (खान्देशातल्या लाइटीसकट सांगा)

पारोळ्याचा_पोऱ्या
राम राम मंडळी. यूट्यूबवर चॅनल उघडलंय. गेम खेळतो आणि अहिराणीत बडबड करतो. बीजीएमआय (मोबाइलवरचा बंदुकांच्या लढाईचा गेम) जास्त, मधूनमधून बुद्धिबळ. दिवसा तालुक्याच्या गावी मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. आठला शटर ओढतो, घरी पोचायला साडेआठ. सध्या वेळ सापडेल तसा लाईव्ह येतो: कधी साडेनऊ, कधी अकरा, रविवारी भर दुपारीसुद्धा. पाच-सात जण असतात, त्यातले दोन माझे मावसभाऊ.

जो तो सांगतो की रोज या, सातत्य ठेवा. रोज जमेल का हा एक प्रश्न, आणि जमलं तरी वेळ कोणती धरायची हा दुसरा. गावातली लाईट तुम्हाला माहीतच आहे. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. 'मेहनत कर भाऊ' एवढं सोडून काहीही चालेल.

शिवणताई_जळगाव
रोज येऊ नकोस. मी ब्लाऊज कटिंग लाईव्ह दाखवते, मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी अडीच ते पावणेचार. ही वेळ मी कुठल्या तक्त्यावरून काढली नाही. माझ्याकडे कपडे टाकायला येणाऱ्या बायकांना विचारलं की हातात फोन घेऊन निवांत कधी बसता. अडीचला भांडी आवरलेली असतात आणि चारला मुलं शाळेतून येतात. त्या मधल्या फटीत मी बसते.

दिवस ठरवताना चांगला आठवडा धरू नकोस. घरात लग्न आहे, दुकानात दिवाळीची गर्दी आहे, अंगात ताप आहे, असा आठवडा डोळ्यांसमोर आण. त्या आठवड्यातही जितके दिवस तू बसू शकशील तितकेच जाहीर कर. दोन असतील तर दोन. बाकी दिवशी मन झालं आणि आलास, तर कोणी भांडायला येत नाही. जाहीर करून आला नाहीस तर मात्र माणूस पुढच्या वेळी बघून घेऊ म्हणतो आणि मग बघतच नाही.

भुसावळ_जंक्शन
ताईंच्या म्हणण्याला माझं अनुमोदन. आता यंत्रणेचं बोलतो.

तू 'गो लाईव्ह' दाबून लगेच सुरू होत असशील, तर ते सोड. यूट्यूब स्टुडिओत स्ट्रीम एक-दोन दिवस आधी शेड्यूल करून ठेव. तिचं वेगळं पान तयार होतं, त्यावर थंबनेल लागतं, वेळ दिसते, लोकांना आठवणीचं बटण दाबता येतं. लिंक आधीच हातात असल्यामुळे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दुपारीच टाकता येते. हा ठरलेला वेळ तुझ्यावरही धाक ठेवतो, तो फायदा वेगळाच.

सूचनांच्या घंटीवर फार विसंबू नकोस. नुसतं सबस्क्राइब केलं म्हणजे सगळ्या सूचना जातात असं नाही, त्यासाठी माणसाला 'ऑल' निवडावं लागतं. वर एका चॅनलच्या चोवीस तासांत जास्तीत जास्त ३ सूचना जातात. दिवसभर व्हिडिओ टाकत बसलास आणि रात्री लाईव्ह आलास, तर नेमकी लाईव्हचीच सूचना राहून जायची. म्हणून वेळ लोकांच्या डोक्यात बसलेली बरी.

ॲनालिटिक्समध्ये 'ऑडियन्स'खाली एक जांभळ्या पट्ट्यांचा तक्ता असतो, तुमचे प्रेक्षक यूट्यूबवर कधी असतात तो. तुझ्या चॅनलला तो बहुतेक रिकामाच दिसेल, कारण पुरेसे बघणारे लागतात. आणि पुढे भरला तरी एक लक्षात घे: माणूस यूट्यूबवर आहे एवढंच तो सांगतो. त्याच्याकडे तासभर आहे की तो एसटीची वाट बघत शॉर्ट्स सरकवतोय, हे त्या पट्टीवरून कळत नाही.

उपद्रवी_चाळीसगाव
सगळे मिळून पोराला आळशी करा. आठवड्यातून दोनदा येऊन कोणाचं काय झालंय? जे मोठे झाले ते रोज बसले. रोज बसल्याशिवाय तोंड सुटत नाही. कॅमेऱ्यासमोर दोन तास एकट्याने बोलणं ही सवयीची गोष्ट आहे, ती आठवड्यातून दोनदा बसून लागत नाही.

शिवणताई_जळगाव
तोंड सुटण्याचं तुमचं बरोबर आहे. पण सराव करायला लोकांना बोलवावं लागत नाही. खाजगी स्ट्रीम लावून भिंतीशी बोलता येतं, नाहीतर नुसतं रेकॉर्डिंग करावं. आठवडे बाजार आठवड्यातून एकदाच भरतो, पण ठरल्या वारी भरतो, म्हणून पाच कोसांवरून माणूस पिशवी घेऊन निघतो. बाजार रोज भरला आणि कधी सकाळी, कधी रात्री भरला, तर कोण निघेल?

जे मोठे झाले ते रोज बसले हेही खरं असेल. रोज बसून जे सोडून गेले, त्यांचे चॅनल आपल्याला दिसत नाहीत.

केळीवाला_रावेर
पोऱ्या, माझा प्रकार तुझ्याहून वेगळा आहे पण लाइटीचं सांगतो. मी केळीच्या बागेची माहिती आणि बाजारभावाच्या गप्पा असं लाईव्ह करतो. बघणारे सगळे शेतकरी. आमच्याकडे शेतीची थ्री फेज एका आठवड्याला दिवसा, पुढच्या आठवड्याला रात्री. ज्या आठवड्याला रात्रीची लाईट, त्या आठवड्याला माणूस रात्री बागेत पाणी द्यायला असतो आणि सकाळी झोपलेला. म्हणजे माझा प्रेक्षक दर आठवड्याला जागा बदलतो. काही गावं सौर फीडरवर गेली, त्यांना आता दिवसाच मिळते, पण सगळी गेली नाहीत.

मग मी सकाळही सोडली आणि रात्रही सोडली. संध्याकाळी सव्वासात ते आठ धरलं. रात्रीच्या पाण्याला अजून निघायचं असतं आणि दिवसावाला घरी आलेला असतो. दोन्ही आठवड्यांना चालणारी ती एकच फट सापडली. पाऊणच तास, पण भरलेला. हिवाळ्यात चरका (थंडीचा फटका) पडला किंवा पावसाळ्यात सीएमव्ही (केळीवरचा विषाणू रोग) दिसला की चॅट थांबत नाही, तेव्हासुद्धा आठला बंद म्हणजे बंद. उरलेले प्रश्न लिहून घेतो, पुढच्या वेळी तिथून सुरू करतो.

तुझे बघणारे शेतीतले नसतील, पण फट शोधायची पद्धत तीच. आधी ते कोण आहेत ते विचार.

पारोळ्याचा_पोऱ्या
दादा, तेच तर माहीत नाही. गावातली पोरं बघत असतील असं मी धरून चाललो होतो. काल चॅटमध्ये सरळ विचारलं, कुठून बघताय? एक अमळनेर, एक साक्री, आणि तिघांनी लिहिलं सुरत. एकाने लिहिलं, "आम्ही उधनामा शेतस भाऊ, घरनी बोली आयकाले येतस."

सुरतकर_खान्देशी
त्यात नवल काय? उधना, लिंबायत भागात फिर, अर्धा धुळे जिल्हा भेटेल. मी स्वतः नंदुरबारकडचा, इथे लूम (यंत्रमाग) खात्यात आहे.

आमची वेळ ऐकून घे. लूमच्या पाळ्या बारा-बारा तासांच्या. दिवसपाळीचा माणूस सुटतो, खोलीवर येतो, चौघांत मिळून स्वयंपाक, जेवण. साडेनऊनंतर फोन हातात येतो आणि अकरापर्यंत डोळे मिटतात, कारण सकाळी पुन्हा उभं राहायचंय. रात्रपाळीवाल्याला त्या आवाजात तुझी कॉमेंट्री ऐकूच येणार नाही. तो सकाळी खोलीवर येऊन झोपण्याआधी मागचं रेकॉर्डिंग लावतो. पाळी बदलली की तोच माणूस लाईव्हला येतो. म्हणून लाईव्ह संपल्यावर व्हिडिओ काढून टाकू नको. तू अकराला सुरू करतोस तेव्हा आमच्यातलं कोणीच नसतं, दोन्हीकडून.

साडेनऊ-पावणेदहाला ये. बठा (सगळे) येतीन.

भुसावळ_जंक्शन
रेकॉर्डिंगचा मुद्दा पैशाच्या बाजूनेही महत्त्वाचा आहे. स्ट्रीम १२ तासांच्या आतली असली की ती आपोआप साठवली जाते. पार्टनर प्रोग्रॅमच्या (यूट्यूबकडून कमाई सुरू होते त्या योजनेच्या) पहिल्या पायरीला ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ सार्वजनिक अपलोड आणि वर्षभरात ३,००० तास बघणं लागतं. जाहिरातीच्या पैशासाठी १,००० सबस्क्रायबर आणि ४,००० तास. शॉर्ट्सचा वेगळा रस्ता आहे, तो इथे नको. हे तास सार्वजनिक व्हिडिओचे धरतात. लाईव्ह झाल्यावर लाजून व्हिडिओ खाजगी केला की त्याचे तास त्यातून गेले.

उपद्रवी_चाळीसगाव
४,००० तास म्हणजे आठवड्यातून दोनदा सात माणसं घेऊन पुढच्या जन्मी होतील.

भुसावळ_जंक्शन
रोज सात माणसं घेऊनही याच जन्मी होतील असं काही नाही. माणसं सातची सत्तर कशी होतील हा प्रश्न आहे, आणि ती नव्या लोकांना सापडणाऱ्या छोट्या क्लिपमधून येतात. पोऱ्याने रोज लाईव्ह बसण्याऐवजी एक संध्याकाळ त्या क्लिपा कापायला ठेवली तर मला ते जास्त पटेल. तीही टाइमटेबलमध्येच लिहावी, नाहीतर ती संध्याकाळ कुठे जाते ते कळत नाही.

धुळेकर_नाइटमोड
सगळे सुरुवातीच्या वेळेवर बोलताय, संपण्याचं फक्त केळीवाल्या दादांनी सांगितलं. तुझ्याकडे वायफाय आहे का मोबाइल डेटा?

पारोळ्याचा_पोऱ्या
घरी मोबाइल डेटाच. फायबर दुकानात आहे, गावात नाही. रोज २ जीबीचा पॅक. फाइव्ह-जी आमच्या टॉवरला नाही.

धुळेकर_नाइटमोड
मग तुझी संपायची वेळ पॅकनेच ठरवलीय. ७२० पिक्सेलला ३ एमबीपीएस बिटरेट (दर सेकंदाला जाणारा डेटा) धरला तर तासाला सुमारे १.३५ जीबी अपलोड जातो. म्हणजे दीड तासात २ जीबी साफ, गेमचा स्वतःचा डेटा आणि दिवसभराचं व्हॉट्सॲप वेगळंच. सव्वा तास ही तुझी सुरक्षित मर्यादा, तीही त्या दिवशी रील्स न बघता. बिटरेट २ वर आणलास तर तासाला ०.९ जीबी. चित्र जरा पुसट दिसेल, पण बुद्धिबळाला त्याने काही बिघडत नाही. पटावर हलतं काय?

एक चावट उपाय: बऱ्याच पॅकचा रोजचा डेटा रात्री बाराला नवा होतो. साडेअकरा ते एक बसलास तर दोन दिवसांचा डेटा मिळतो.

शिवणताई_जळगाव
आणि सकाळी दुकान कोण उघडणार, तुम्ही?

धुळेकर_नाइटमोड
ताई, चावट म्हटलं होतं ना आधीच. :)

लाइटीसाठी मात्र खरंच एक कर. मोठा इन्व्हर्टर नको, राउटर असेल तर १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, राउटर आरामात तासन्‌तास चालतो. तुझ्याकडे राउटर नसल्यामुळे फोन आणि लॅपटॉप भरून ठेवणं एवढंच. पण लाईट गेल्यावर काही वेळाने टॉवरच्या बॅटऱ्याही बसतात आणि नेट मरतं, तिथे तू काही करू शकत नाहीस. म्हणून लाईट गेल्यावर काय, हे आधी ठरवून चॅनलच्या माहितीत लिहून टाक. उदाहरणार्थ, पंधरा मिनिटांत परत आलो नाही तर आजचं संपलं, ते पुढच्या ठरल्या वारी. लोकांना अंधारात ताटकळत ठेवण्यापेक्षा हे बरं. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून भलत्याच वेळी येऊ नकोस, त्याने ठरलेला वारही सैल होतो.

आखाजीची_लेक
मी फक्त बघणारी आहे, स्ट्रीमर नाही. बघणाऱ्यांच्या बाजूने दोन शब्द. मला सगळ्यात राग येतो तो "स्टार्टिंग सून"च्या पाटीचा. पावणेदहा लिहायचं, पावणेदहाला पाटी लावायची, आणि दहा वाजून दहा मिनिटांनी "आवाज येतोय का?" विचारायचं. आम्ही काय भाकरी टाकायची सोडून बसलो असतो का? आवाज तपासायचा तो आधी खाजगी स्ट्रीममध्ये तपासा. पावणेदहाला तुमचं तोंड दिसलं पाहिजे.

दुसरं म्हणजे, माणसं नाहीत म्हणून सुरुवातीची वीस मिनिटं "अजून कोणी येतंय का बघू" म्हणत घालवणारे. जे वेळेवर आले त्यांना शिक्षा आणि उशिरा येणाऱ्यांचा मान!

केळीवाला_रावेर
हे एक नंबर बोलली ताई.

भडगावकर_काका
माझा प्रश्न जरा बाजूचा आहे. पुतण्या १४ वर्षांचा, त्यालाही शाळेनंतर रोज लाईव्ह यायचंय, तोही टाइमटेबल मागतो. त्याला काय सांगू?

भुसावळ_जंक्शन
काका, थांबायला सांगा. २२ जुलै २०२५ पासून यूट्यूबवर एकट्याने लाईव्ह यायला वय किमान १६ लागतं, त्याआधी १३ होतं. त्याच्याकडून तोवर व्हिडिओ रेकॉर्ड करून घ्या, वेळ पाळायची सवय त्यातही लागते. दर शनिवारी एक, एवढं पुरे.

भडगावकर_काका
धन्यवाद. तो हिरमुसला आहे. शनिवारच्या व्हिडिओसाठी आता माझाच फोन मागतोय.

उपद्रवी_चाळीसगाव
बरं, मी माझं 'रोज' मागे घेत नाही, पण एक कामाचं सांगतो. टाइमटेबल गेमच्या नावाने करू नको, वाराच्या नावाने कर. बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गेला तो मे २०२३ मध्ये परत आला. ज्यांच्या बॅनरवर "रोज रात्री बीजीएमआय" होतं त्यांनी ते दहा महिने काय करायचं? "गुरुवार रात्र" लिही. गुरुवार कोणी बंद करत नाही.

आणि लग्नसराईचा विचार केलास का? शेजारी हळदीचा डीजे लागला की तुझ्या माइकमधून गाणं जातं, यूट्यूबची कॉपीराइट तपासणी लाईव्ह चालू असतानाच ते पकडते आणि स्ट्रीम मध्येच थांबवू शकते. एप्रिल-मेमध्ये गल्लीतल्या पत्रिका बघून वार ठेव. हसू नका, मी हेच करतो.

सुरतकर_खान्देशी
हसत नाही भो, खरं शे.

आयपीएलचंही बघा. संध्याकाळची मॅच साडेसातला सुरू होते, ती अकराच्या आसपास सरते. पावणेदहा म्हणजे नेमका दुसरा डाव. त्या दोन महिन्यांत खोलीतले चौघे एकाच फोनवर मॅच बघतात. तेव्हा तुझं काही चालणार नाही.

शिवणताई_जळगाव
म्हणून वर्षाचे दोन तुकडे करावेत असं माझं मत. मी तेच करते. मे महिन्यात जळगावात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, दुपारी अडीचला पत्र्याच्या खोलीत मशीनसमोर बसवत नाही आणि फोन तापून बंद पडतो. गुढीपाडव्यापासून पाऊस पडेपर्यंत माझी वेळ सकाळी साडेनऊ. हा बदल मी दोन आठवडे आधीपासून सांगते आणि वार तेच ठेवते, फक्त घड्याळ बदलते. दर महिन्याला बदल केला तर कोणी लक्षात ठेवणार नाही. ऋतू बदलला की वेळ बदलते हे आपल्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही.

सुट्ट्याही आधी लिही. आखाजी (अक्षय्य तृतीया), कानबाई (आपल्याकडचा देवीचा सण), पोळा, गणपती, दिवाळी. कानबाईच्या रोटांच्या दिवशी कोणाच्या घरात कोण फोन बघणार आहे? न सांगता गायब झालास तर लोकांना वाटतं चॅनल बंद पडलं. "आखाजीला सुट्टी, पत्ते खेळायला गावी या" असं लिहिलंस तर त्याच पोस्टवर गप्पा होतील.

आखाजीची_लेक
माझ्या नावाचा मान राखल्याबद्दल आभार.

पारोळ्याचा_पोऱ्या
बरंच मिळालं. सगळं वाचून हे लिहिलंय, चुका काढा.

सोमवार आणि गुरुवार, रात्री पावणेदहा ते अकरा. सोमवारी गेम, गुरुवारी बुद्धिबळ. रविवारी सकाळी दहाला बघणाऱ्यांबरोबर खेळायचं. बुधवारी संध्याकाळी क्लिपा कापायच्या. आयपीएल चालू असताना सोमवार-गुरुवार तेच, वेळ रात्री साडेआठ. लाईट गेली तर पंधरा मिनिटं वाट, मग पुढच्या वारी. तीन महिने यात हात लावायचा नाही, आकडे बघून घाबरायचं नाही.

केळीवाला_रावेर
रविवार काढ. तुझं दुकान रविवारी चालू असतं का?

पारोळ्याचा_पोऱ्या
अर्धा दिवस. बाजारामुळे सकाळचंच जास्त गिऱ्हाईक.

केळीवाला_रावेर
मग सकाळी दहा कसं जमणार? जाहीर करू नको. जमलं त्या रविवारी सहज ये.

धुळेकर_नाइटमोड
आयपीएलमध्ये साडेआठही चुकतंय. साडेआठला तू घरी पोचतोस म्हणालास. पोचून, हातपाय धुऊन, जेवून, लॅपटॉप लावून साडेआठ कसे? आणि तेव्हा मॅचचा पहिला डाव चालू. त्यापेक्षा ते दोन महिने मॅच संपल्यावर सव्वाअकरा ते बारा, एकच वार ठेव. गुरुवार. दुसरा वार सोडून दे. डेटाही वाचेल.

सुरतकर_खान्देशी
सव्वाअकराला दिवसपाळीवाले झोपतात, वर सांगितलं ना. पण मॅचच्या दिवसांत तसेही जागे असतात. चालेल. एक वार चालेल.

शिवणताई_जळगाव
"आकडे बघून घाबरायचं नाही" हे लिहून होत नाही. लाईव्ह चालू असताना बघणाऱ्यांची संख्या दिसते ना, त्यावर स्टिकी नोट चिकटव किंवा ती खिडकी झाक. तीन आहेत की तेरा, तुझं बोलणं तेच राहिलं पाहिजे. आणि बॅनरवर सुरुवातीबरोबर शेवटची वेळही लिही. ज्याला सकाळी पाळीवर उभं राहायचंय, त्याला कधी सुटणार हे कळलं तर तो शेवटपर्यंत थांबतो.

पारोळ्याचा_पोऱ्या
रविवार काढला. आयपीएलमध्ये फक्त गुरुवार, सव्वाअकरा ते बारा. बॅनरवर दोन्ही वेळा टाकतो. पहिली स्ट्रीम या गुरुवारी शेड्यूल केली आहे, लिंक बुधवारी दुपारी इथे देतो.

उपद्रवी_चाळीसगाव
बुद्धिबळाला मी येतो. हरलो तर व्हिडिओ ठेवायचा की काढायचा, ते आधी ठरवून सांग.

पारोळ्याचा_पोऱ्या
ठेवायचा. तासांचा प्रश्न आहे भाऊ.